लंकेतल्या विटा

आमचा लातूरचा मेहुणा 2025 च्या जानेवारीत नांदेडला आला, तो चौथ्या बोअरसाठी पैसे मागायला. आधीच्या तिन्ही कोरड्या गेलेल्या. नेमके त्याच आठवड्यात आम्ही उभयतांनी श्रीलंकेला जायचे ठरवले होते आणि शिलकीतले पैसे एकाच कामाला पुरणारे होते. भावाच्या घरी पाणी नाही आणि बहीण निघाली परदेशी! हिला दोन रात्री झोप नव्हती. शेवटी वाईटपणा मी घेतला आणि नाही म्हटले. मेहुणा उठता उठता म्हणाला, "लंकेत सोन्याच्या विटा, दाजी! आमच्या घागरीला त्याचा काय उपयोग?"

आता पेन्शनरांची लंका कशी असते ते ऐका. विमानाचा विचारच केला नाही. रेल्वेने चेन्नई, तिथून नागपट्टणम. तिथून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला जाणारी बोट ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. समुद्र खवळला की ती बंद राहते, म्हणून आम्ही मार्च गाठला. चार तासांत पैलतीर! आपल्या एका रुपयाचे तिकडे तीनाहून अधिक रुपये आले, तेव्हा मला क्षणभर श्रीमंत झाल्यासारखे वाटले. पुढचा सारा प्रवास साध्या एस.टी.सारख्या बसने आणि मुक्काम लोकांच्या घरच्या खोल्यांत. भात, नारळाच्या दुधातले वरण म्हणजे परिप्पू आणि दोनतीन भाज्या, एवढ्यात पोट भरते. शाकाहारी मंडळींनी मात्र चटणीसारखे सांबोल विचारून घ्यावे. त्यात बहुधा सुक्या मासळीचा चुरा असतो. आमच्या हिने तो पहिल्याच दिवशी ओळखला आणि पुढे सगळीकडे म्हशीच्या दह्याची मडकी आणि काकवीसारखा ताडाचा पाक यांवर भागवले.

अनुराधपुरात देवळे, स्तूप, बोधिवृक्ष सारे पाहिले. पण ही अडकली ती तलावापाशी. तिस्स वेव नावाचा हा तलाव इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला मानतात. संध्याकाळची वेळ, पाण्यात उतरलेली माणसे, पलीकडे भाताची खाचरे. ही पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ बोललीच नाही.

तिचे मन कुठे गेले ते मला कळले. 2016 च्या उन्हाळ्यात माझी नोकरी लातुरात होती. मिरजेहून आगगाडीने पाणी आले, ते 12 एप्रिलला. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्याकडे तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी केळीला जाई.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या म्हाताऱ्या मास्तरांनी आम्हाला गावतळ्यांची साखळी दाखवली. वरच्या तळ्याचा सांडवा आणि शेतातून झिरपलेले पाणी खालच्या तळ्यात, त्याचे त्याच्या खालच्या. ही चटकन म्हणाली, "म्हणजे आमचे तांदळाचे पाणीच की!" मोठ्या तलावांच्या बांधात आतल्या अंगाला एक चौकोनी दगडी विहीर असते, बिसोकोटुव. तिथे पाण्याचा जोर मोडतो आणि मग ते कालव्यात सोडता येते. तिकडे पाऊस आपल्यापेक्षा जास्त पडतो, हे खरे. पण तोही थोड्या महिन्यांत पडून जातो आणि पुढे कोरडे.

पोलोन्नरुव इथला पराक्रम समुद्र तर बाराव्या शतकातला. तलावाला 'समुद्र' म्हणतात हे ऐकून मी चमकलो. आमच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांचा तलाव आहे, त्याचे नाव जगत्तुंग समुद्र! तो पराक्रम समुद्राहून जुना. आयुष्य नांदेड-लातुरात गेले आणि घरचा समुद्र आठवायला मला परदेशी जावे लागले.

गुढीपाडव्याला ही भावाकडे गेली. त्याच्या वाड्यात जुना आड आहे. फळी टाकून झाकलेला, निम्मा विटामातीने भरलेला. प्रवासातून वाचलेले पैसे तिने त्याच्यासमोर ठेवले. "बोअरला नाही. हा आड उपस आणि पत्र्यावरचे पाणी गाळून त्यात सोड." मेहुण्याने बरीच कुरकुर केली, पण बहिणीचे पैसे परत करवेनात.

मग सप्टेंबर आला. ज्या लातूरने आगगाडीचे पाणी प्यायले, त्याच जिल्ह्यात त्या वर्षी पुराने शेते खरवडून नेली. त्यात आडाची बढाई मारावी असे काही नाही. दसऱ्याला मेहुण्याचा फोन आला. "दाजी, आडात पाणी हाय. उन्हाळ्यापर्यंत टिकंल का, ते सांगता येत न्हाई."

मलाही सांगता येत नाही. खरी परीक्षा मे महिन्यात. चौथ्या बोअरचे नाव मात्र त्याने अजून काढलेले नाही.