मय्यत गावी आणता येईल का?



महाड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांचे थोरले भाऊ कुवेतमध्ये नोकरीला होते. मे २०२० मध्ये कोरोनाने त्यांचा इंतिकाल झाला आणि दफनही तिथेच झाले. भगिनी लिहितात, ‘‘अम्मीला अजून वाटते की आम्ही पैशाकडे पाहिले आणि मय्यत आणली नाही. ती एकच विचारत राहते, माझ्या लेकाला गुस्ल कोणी दिला? गेल्या महिन्यात आमच्याच मोहल्ल्यातील एक जण कतारमध्ये हार्ट अटॅकने गेले. त्यांची मय्यत चार दिवसांत गावी आली. ते पाहून अम्मी पुन्हा रडायला लागली. तिला काय सांगू?’’

रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी घरांतील माणसे आखातात आहेत. त्यामुळे या वेळी पूर्ण सदर याच एका प्रश्नाला देत आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. परदेशातून विमानाने येणाऱ्या मय्यतीला आपल्याकडे १९५४ चे भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम लागू होतात. पीतज्वर, प्लेग, अँथ्रॅक्स आणि ग्लँडर्स या आजारांनी मरण पावलेल्या व्यक्तीचा मृतदेह या नियमांनुसार भारतात आणता येत नाही. सरकार अधिसूचना काढून या यादीत आणखी आजार घालू शकते. दहन करून राख आणण्याची मुभा आहे, पण आपल्यात दहन नाही. म्हणजे अशा वेळी मुस्लिम कुटुंबासमोर एकच मार्ग उरतो : जिथे मृत्यू झाला तिथेच दफन.

इतर कारणांनी मृत्यू झाला असेल तर मय्यत आणता येते, पण कागदपत्रे पूर्ण लागतात. मृत्यूचे कारण स्पष्ट लिहिलेला दाखला, एम्बामिंगचे म्हणजे रसायनांच्या साहाय्याने शरीर टिकवण्याच्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट ही त्यातली मुख्य. आतली पेटी जस्ताची किंवा तशाच धातूची, सगळे सांधे डाख देऊन हवाबंद केलेली आणि बाहेरून लाकडी पेटी. विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्याला ४८ तास आधी कळवावे लागते. कतारहून मय्यत चार दिवसांत आली, ती हृदयविकाराचा दाखला आणि ही सर्व कागदपत्रे असल्यामुळे.

कोरोनात काय झाले? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या मृतदेहांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एम्बामिंग करू नये असे स्पष्ट म्हटले होते. एप्रिलअखेर विमानतळांसाठी वेगळ्या सूचना आल्या. कोरोनाने गेलेल्या किंवा तसा संशय असलेल्या व्यक्तीचे शव भारतात आणण्याची शिफारस करता येत नाही, असे त्यांत लिहिले होते. त्याच एप्रिलमध्ये अबू धाबीहून दिल्लीला आलेले तीन भारतीयांचे मृतदेह विमानतळावरूनच परत पाठवले गेले होते. त्यांचा मृत्यू कोरोनाने झालेला नव्हता, तरीही नियम स्पष्ट नसल्याने त्या घरच्यांना हे सोसावे लागले. ते मृतदेह नंतर परत आले. अशा काळात आपल्या भावाची मय्यत गावी आली नाही. याला आपली कंजुषी कारण नव्हती. वाट कायद्यानेच बंद होती.

अशी बंधने काही आजची नाहीत. १९३७ च्या बर्लिन करारात प्लेग, पटकी, देवी किंवा टायफसने गेलेल्याचे शव मृत्यूनंतर किमान एक वर्ष उलटल्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेता येणार नाही, असे ठरले होते.

आता दीनचा भाग. अम्मीला बहुधा वाटत असेल की परक्या मातीत दफन होणे ही मरहूमची उणीव आहे. तसे नाही. उहुदच्या लढाईनंतर काही घरच्यांनी आपले शहीद मदीनेला आणायला घेतले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना परत नेऊन जिथे ते शहीद झाले तिथेच दफन करण्याचा हुकूम दिला. मृत्यू झाला त्याच गावात दफन करणे फुकहांनीही पसंत केले आहे आणि दफनाला उशीर न करण्याची ताकीद तर आपण सर्व जण ऐकत आलो आहोत. गावी मय्यत आणणे हा आपल्या मायेचा भाग आहे. मरहूमचा तो हक्क आपण बुडवला, असे मानण्याचे कारण नाही.

गुस्लचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मय्यतीला गुस्ल देणे फर्ज-ए-किफाया आहे. पण पाणी वापरणे शक्य नसेल किंवा त्यात जिवाला धोका असेल तर तयम्मुमची सवलत शरीअतने दिलेली आहे. पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोला पसरला, तेव्हा याचा मोठा अनुभव आला. इबोलाच्या मृतदेहात विषाणू जिवंत राहतो आणि हात लावणाऱ्याला लागण होते. दर पाचातील किमान एक नवी लागण अंत्यविधीच्या वेळी होते, असे त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. सुरुवातीला पथके येत, शव पिशवीत घालून नेत, घरच्यांना जवळ येऊ देत नसत. त्यामुळे लोक मृत्यू लपवू लागले, रात्री गुपचूप गुस्ल देऊन दफन करू लागले आणि आजार आणखी पसरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेने मुस्लिम आणि ख्रिस्ती संस्थांशी सल्लामसलत करून नवी पद्धत काढली. तिच्यात मुस्लिम मय्यतीसाठी तयम्मुम आणि पांढऱ्या कफनाची सोय ठेवली गेली. घरच्यांना आणि इमामांना दुरून का होईना, जनाजात सामील करून घेण्यात आले. धर्माचा मान राखला तेव्हा नियम पाळणेही लोकांना सोपे गेले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नियमापेक्षा भीती मोठी झाली की अन्याय होतो. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाच्या सर्व मृतदेहांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले. काही तासांतच ते बदलावे लागले. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात दफनाला विरोध करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने ती फेटाळली. मृतदेहापासून कोरोना पसरतो याला आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. शेजारच्या श्रीलंकेत मात्र एप्रिल २०२० पासून दहनाची सक्ती झाली. २० दिवसांच्या एका मुस्लिम बाळाचेही दहन करण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सक्ती उठली आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारने माफी मागण्याचा निर्णय घेतला. संसर्गजन्य आजारात दहनच करावे लागते हा गैरसमज आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच सांगितले होते.

म्हणून प्रत्येक वेळी ‘आजार कोणता आणि तो पसरतो कसा’ हे आधी विचारा. इबोला किंवा निपाहसारख्या आजारात आरोग्य खात्याचे पथक सांगेल तेच करा, गुस्लचा हट्ट धरू नका. पटकीत जुलाबातून जंतू पसरतात. गुस्ल देणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, जागा ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी आणि त्याच हातांनी स्वयंपाकाला लागू नये. क्षयात मय्यत हलवताना फुप्फुसातील हवा बाहेर येऊ शकते. म्हणून तोंडा-नाकावर कापड ठेवावे, आपण मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या मय्यतीला हातमोजे घालून, जखमा झाकून गुस्ल देता येतो. नुसत्या स्पर्शाने हे आजार होत नाहीत. अशा मय्यतीला गुस्ल द्यायला कोणी पुढे आले नाही तर गुन्हेगार सारी बस्ती ठरेल. मोहल्ल्यात नेहमी गुस्ल देणाऱ्या भावांनी आणि बहिणींनी हिपॅटायटिस बीची लस घेऊन ठेवावी, ही जमातीला विनंती.

आखातात माणूस असलेल्या घरांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. त्याच्या पासपोर्टची आणि सिव्हिल आयडीची प्रत, कंपनीचा आणि एका मित्राचा फोन नंबर घरात ठेवावा. दुर्दैवाने वेळ आलीच तर पेटी बंद होण्यापूर्वी तिथेच गुस्ल आणि कफन होईल असे पाहावे, म्हणजे गावी पेटी उघडण्याची गरज पडणार नाही. दाखल्यावर संसर्गजन्य आजार असेल तर अखेरच्या दर्शनासाठी पेटी उघडण्याचा आग्रह कोणी धरू नये. थोरल्यांनीच घरच्यांना हे समजावावे.

आता, भगिनी, आपल्या अम्मीसाठी. भावाबरोबर खोलीत राहणाऱ्या मित्रांकडून किंवा कंपनीकडून दफनाची नोंद, कब्रस्तानाचे नाव आणि कब्रीचा क्रमांक मागवून घ्या. गुस्ल की तयम्मुम, जनाजाची नमाज कोणी पढवली, हेही त्यांनाच विचारा. जे कळेल ते अम्मीला आहे तसे सांगा. तयम्मुम झाला असे कळले तर ती सवलत अल्लाहनेच दिलेली आहे, तिच्यात मरहूमचा अपमान नाही. आपले घर शाफई असेल तर गायबाना जनाजाची नमाज जायज आहे. हब्शाच्या नजाशी बादशाहासाठी प्रेषितांनी (स.) ती पढवली होती. हनफी घरात ही नमाज पढत नाहीत, तिथे दुआ आणि सदका आहेच. वबेत जाणाऱ्या मोमिनाला शहादतीचा दर्जा मिळतो अशी हदीस आहे आणि कोरोनात गेलेल्यांसाठीही उलमांनी तीच उमेद धरली आहे.

अम्मींना माझा सलाम सांगा. लेकाच्या कब्रीपर्यंत त्यांना जाता येणार नाही, पण त्यांची दुआ तिथे पोहोचते. आणि आपण भावंडांनी पैसे वाचवले नव्हते, हे त्यांच्या शेजारी बसून, हात हातात घेऊन, पुन्हा एकदा सांगा.