म्हशीचे दात आणि शेअरचा भाव

२०२४ च्या गणपतीत माळशिरसला गेलो होतो. घरी पोचलं की पहिल्या दिवशीचे विषय ठरलेले असतात. पाऊसपाणी, उसाचं बिल, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं. या वेळी चहा यायच्या आधीच पुतण्याने मोबाईल पुढे धरला. "काका, ह्ये बघा." हिरव्या अक्षरांत आकडे. दीड लाखाचे चार लाख झाले होते, वर्षही पुरं झालं नव्हतं.

मी आपलं सहज विचारलं, "ही पहिली कंपनी करते काय रे?"

गडी थोडा अडखळला. "सोलरचं कायतरी हाय. पण काका, चार्ट बघा की. लय पळतोय."

इथवर ठीक होतं. पोरगं हुशार आहे, पैसे त्याचे स्वतःचे होते. खरी गोष्ट जेवणं झाल्यावर निघाली. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात दादाची रस्त्याकडेची जमीन गेली. तिची भरपाई बँकेत मुदत ठेवीत पडून आहे आणि पोराचं म्हणणं, ती सगळी मोडून बाजारात घालू. सात टक्क्यांनी काय होणार? दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू शहरात ऱ्हातोस, तुला कळतंय. काय करू सांग."

आणि मी काय सांगितलं? "बघू, थोडे थोडे घाला." दोघांनाही बरं वाटेल असं. घरात शहाणा समजला जाणारा माणूस असंच गुळमुळीत बोलतो, म्हणजे पुढे काहीही झालं तरी "मी म्हटलंच होतं" म्हणायची सोय राहते. परतीच्या एसटीत स्वतःचीच लाज वाटली. तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज लिहितोय. घरचे वाचतातच. कुणाला लागलं तर लागू दे.

पहिली गोष्ट. शेअर हा शब्द आपल्या तालुक्याला नवा नाही. माळीनगरचा कारखाना बघा. सासवडकडून नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर शेती करायला आलेल्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये द सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी काढली. ऊस लावणारेच भागधारक. पुढे सहकारी कारखाने आले आणि घरोघरी ट्रंकेत शेअरचा कागद आला. त्या कागदाचा भाव रोज टीव्हीवर पळत नव्हता, म्हणून आपली माणसं त्याबद्दल वेगळंच बोलायची. यंदा गाळप किती झालं? उतारा साडेदहा पडला की अकरा? कर्ज किती आहे? बिल कधी निघणार? पारावर बसलेल्या, चौथी पास झालेल्या म्हाताऱ्याला कारखान्याचा ताळेबंद तोंडपाठ असायचा. त्याच म्हाताऱ्याचा नातू आज सोलरचं "कायतरी" विकत घेतो.

म्हैस घेतानाचं बघा. बाजारात पंढरपुरी म्हैस आवडली म्हणून कुणी लगेच पैसे मोजत नाही. दात बघतात, कितवं वेत आहे विचारतात, कास बघतात, शक्य असेल तर दोन वेळा स्वतः धार काढून बघतात. मग मनात हिशेब होतो. समजा म्हैस नव्वद हजारांची. चारा, पेंड, डॉक्टर जाऊन वर्षाला तीस हजार सुटले तर तीन वर्षांत पैसे वसूल. उद्या कुणी तीच म्हैस नऊ लाखांना सांगितली, तर वसुलीला तीस वर्षं लागतील आणि म्हैस काही तीस वर्षं दूध देत नाही. व्यापारी म्हणाला, "घ्या हो पाव्हणं, गेल्या महिन्यात पाच लाखाला होती, आता नऊ झालीय, पुढच्या महिन्यात बारा होतीय," तर आपण काय करू? हसू आणि पुढच्या दावणीकडे जाऊ.

शेअर बाजारात मात्र आपण नेमकं त्याच व्यापाऱ्याचं ऐकतो. पाचाची नऊ झाली, हेच म्हैस चांगली असल्याचं प्रमाणपत्र धरतो.

माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. तेजी डोक्यात गेली की माणूस भावालाच पुरावा मानायला लागतो. भाव का वाढतोय? कंपनी चांगली आहे म्हणून. कंपनी चांगली आहे हे कशावरून? भाव वाढतोय त्यावरून. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. मधे कुठेही कंपनी कमावते किती, हा प्रश्न येत नाही.

बरं, माणसाला अगदीच बिनबुडाचं वागायला आवडत नाही. म्हणून दर तेजीत एक भारदस्त कारण पुरवलं जातं. १९९२ मध्ये हर्षद मेहताने कारण दिलं होतं की जुन्या कंपनीची किंमत तिच्या नफ्यावर धरू नका. तसाच कारखाना आज नव्याने उभारायला जो खर्च येईल, तो धरा. एसीसीचा शेअर शेकड्यांतून नऊ हजारांच्या आसपास गेला आणि लोक मान डोलावत राहिले. अहो, आज विहीर खणायला पाच लाख लागतात म्हणून कोरड्या विहिरीची किंमत पाच लाख होते का? पाणी किती लागलंय ते विचाराल की नाही? २२ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ४४६७ वर होता. वर्षभरात तो जवळपास निम्म्यावर आला. बँकांच्या पैशांचा घोटाळा झाला हे खरंच. पण नऊ हजारांना तो शेअर घेणाऱ्याचा हात काही कुणी धरला नव्हता.

मग २००० साल आलं. कारण होतं इंटरनेट. नावात इन्फोटेक नाहीतर सॉफ्टवेअर जोडलं की भाव वर. २००८ च्या जानेवारीत कारण होतं वीज. देशाला वीज लागणार, हे तर खरंच होतं! रिलायन्स पॉवरचा इश्यू आला, किरकोळ गुंतवणूकदाराला सवलत धरून ४३० रुपयांना. कंपनीचे बहुतेक प्रकल्प तेव्हा उभे राहायचे होते. तरी मागणी उपलब्ध शेअरच्या सत्तर पटींहून जास्त. ११ फेब्रुवारी २००८ ला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२ च्या आसपास बंद झाला. पुढे बोनस मिळाला, तरी २०२० मध्ये तो दोन रुपयांच्याही खाली होता.

आणि २०२४ च्या ऑगस्टमधली, म्हणजे त्या गणपतीच्या तोंडावरचीच गोष्ट. दिल्लीत दुचाकींच्या दोन शोरूम आणि आठेक कामगार असलेल्या एका छोट्या कंपनीने बारा कोटींचा इश्यू काढला. त्यासाठी अर्ज आले ४८०० कोटींच्या आसपास! दोन शोरूम. आपल्या अकलूजमध्ये गाड्यांच्या शोरूम आहेत की. तिथल्या मालकाने भागीदारी देऊ केली, तर दिवसाला गाड्या किती खपतात, हे विचारल्याशिवाय कुणी हजार रुपये काढेल का?

मी काही सोवळा नाही. २००८ च्या जानेवारीत, बाजार एकवीस हजारांना शिवला त्या दिवसांत, मी वडिलांकडून उसाच्या बिलातले साठ हजार मागून घेतले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष तिचा नव्हता. वडिलांनी पैसे दिले आणि एकच प्रश्न विचारला, "वर्साला किती सुटत्यात तिला?" मला माहीत नव्हतं. मी हसलो आणि म्हणालो, "तसं नसतं नाना, शेअरचं वेगळं असतं." २१ जानेवारीला सेन्सेक्स एका दिवसात चौदाशे अंकांनी पडला, ऑक्टोबरात तो काही काळ आठ हजारांच्या खाली होता. साठ हजारांचे सात हजार उरले. वडिलांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मला अजून ते साठ हजार बोचत नाहीत, ते हसणं बोचतं. बाजारातला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न त्यांनी विचारला होता आणि मी पदवीधर, त्यांना अडाणी समजत होतो.

आता पुतण्याची बाजू. ती नीट ऐकली पाहिजे, कारण ती एकट्या त्याची नाही.

तो म्हणतो, "काका, म्हैस वाढत न्हाय, कंपनी वाढती. पुढच्या वाढीचं पैसं द्यावंच लागत्यात." बरोबर. पण किती? वर्षाच्या नफ्याच्या शंभर पट भाव दिला आणि नफा दरवर्षी १५ टक्क्यांनी, एकही वर्ष न चुकता वाढला, तरी एकूण नफ्याची बेरीज तुमच्या पैशांएवढी व्हायला वीस वर्षं लागतात. कागदावर मांडून बघा. कंपनी चांगली असणं आणि भाव चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्फोसिस काही बुडाली नाही, धंदा वाढतच गेला. तरी मार्च २००० च्या शिखरावर ज्याने शेअर घेतला, त्याला मुद्दल परत दिसायला कित्येक वर्षं थांबावं लागलं.

दुसरं, "पडायला लागलं की आपण आधी निघू." हे तर मला प्रत्येकाने सांगितलंय. केन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये बाजाराला वर्तमानपत्रातल्या सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. आपल्याला कोण सुंदर वाटतं ते सांगायचं नाही, बाकीच्यांना कोण सुंदर वाटेल ते ओळखायचं. आणि बाकीचेही तेच ओळखायच्या मागे! अशा ठिकाणी सगळेच आधी निघणार असतात, दरवाजा मात्र एक. छोट्या कंपन्यांच्या शेअरला खालचं सर्किट लागलं की घेणारा कुणी नसतो. मोबाईलवर आकडा दिसतो, पण त्या आकड्याला विकता येत नाही.

तिसरं, "थांबलं की परत येतंच." निर्देशांक आपल्याकडे आजवर परत आला, हे खरं. एकेक शेअर येईलच असं नाही. आणि निर्देशांकाचंही काय सांगावं? जपानचा निक्केई १९८९ च्या डिसेंबरातली पातळी ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं. जपान काही भिकेला लागलेला देश नाही.

फ्युचर-ऑप्शनबद्दल तर बोलायलाच नको. सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले: तीन वर्षांत शंभरातल्या ९३ व्यक्तींचा तोटा, मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. आपण त्या सातांतले, असं त्या प्रत्येकाला वाटत होतं.

पण दादा, तुझंही मला पटत नाही. "सगळा जुगारच हाय, नकोच त्यो बाजार," हेही विचार टाळणंच झालं. १९७८-७९ ला शंभर धरलेला सेन्सेक्स सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांवर गेला, तो काही नुसत्या हवेवर नाही. त्यामागे कारखाने आहेत, बँका आहेत, माणसांचे कष्ट आहेत. आणि बुडाल्यावर "आम्हाला फसवलं" म्हणायचं, तेही दर वेळी खरं नसतं. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, बाजाराच्या नावावर जादा परताव्याचं आमिष दाखवल्याचं प्रकरण झालं, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तिथे बोट दाखवायला कुणीतरी होतं. तेजीत शंभराची वस्तू आपण हजाराला घेतो, तेव्हा तक्रार कुणाविरुद्ध लिहायची?

तर माझं उत्तर असं. ती जमीन परत येणार नाही. तिच्या पैशातला मोठा भाग बँकेतच राहू दे, सात टक्के तर सात टक्के. दहा वर्षं लागणार नाही असा जो थोडा भाग असेल, तो निर्देशांकाच्या फंडात महिन्याला थोडा थोडा टाका. पोराने स्वतःच्या कमाईत काय करायचं ते करावं, पण घेण्याआधी वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहाव्यात. कंपनी काय करते, वर्षाला किती सुटतात, आणि आपण किती वर्षांच्या कमाईएवढे पैसे देतोय. चौथी ओळ माझ्याकडून: उद्यापासून पाच वर्षं भाव दिसणारच नाही, कारखान्याच्या शेअरसारखा कागद ट्रंकेत पडून राहणार, असं असतं तर घेतला असता का? उत्तर नाही असेल, तर आपण कंपनी घेत नाही. आपण पुढचा गिऱ्हाईक शोधतोय.

फेब्रुवारी २०२५ पर्यंत छोट्या कंपन्यांचे निर्देशांक शिखरापासून वीस टक्क्यांहून जास्त खाली आले. पुतण्याने मोबाईल दाखवणं बंद केलं. मार्चमध्ये फोन आला, "काका, चाराचं पावणेदोन राह्यल्यात. इकू का ठिवू?" मला आनंद झाला नाही, खरंच नाही. मी म्हटलं, ते वहीचं पान लिहून पाठव, मग बोलू.

दोन कंपन्यांची पानं आली. सोलरवालीचं अजून यायचंय. दादा, तोवर ठेव मोडू नकोस.