भाड्याचं आभाळ

‘ढगात गेला’ या शब्दांचा मराठीत फार वर्षांपासून एकच अर्थ आहे. ज्याच्याबद्दल ते म्हटलं जातं, त्याच्या घरी आपण पांढरे कपडे घालून जातो आणि खालमानेनं बसतो. हल्ली मात्र चांगली शिकलीसवरलेली माणसं हसतमुखानं सांगतात, ‘‘आमचं सगळं ढगात आहे!’’ मुंजीचे फोटो ढगात, घराचं खरेदीखत ढगात, आईनं स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलेलं पुरणाचं प्रमाण, तेही ढगात. त्यांचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे मला कळत नाही.

मुळात तो ढग नव्हेच. कुठल्या तरी परगावी अवाढव्य शेडमध्ये, एअरकंडिशनरच्या घरघराटात रांगेनं मांडून ठेवलेले ते दुसऱ्याच्या मालकीचे कॉम्प्युटर आहेत. त्याला कुणी ‘परक्याचं गोदाम’ असं सरळ नाव दिलं असतं, तर आपण तिथे सासूचे फोटोसुद्धा ठेवले नसते. (सासूचे कदाचित ठेवले असते.) पण ‘क्लाऊड’ म्हटलं की कसं पवित्र वाटतं! जणू साक्षात इंद्रदेव आपले अल्बम सांभाळतो आहे.

गोदामवाले लबाड आहेत असं माझं म्हणणं नाही. ते मालक आहेत आणि आपण भाडेकरू आहोत, एवढंच. ऑर्कुट आठवतं? २००४ साली आलं, आपल्याकडच्या पोरांनी डोक्यावर घेतलं, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. नोटीस रीतसर दिली होती. पण नोटीस देऊन ज्याला जागा रिकामी करायला सांगता येते, त्यालाच भाडेकरू म्हणतात. गुगल फोटोजनं २०१५ साली ‘हवे तेवढे फोटो ठेवा, फुकट!’ अशी दवंडी पिटली. लोकांनी गणपतीच्या आरतीचे एकसारखे एक्केचाळीस फोटो चढवले. सहा वर्षांत सवय अंगवळणी पडली आणि १ जून २०२१ पासून नव्या फोटोंचं माप सुरू झालं. पंधरा जीबीच्या वर गेलात की भाडं काढा. मायस्पेसनं तर २०१९ मध्ये सांगून टाकलं की, २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी सामान हलवताना हरवली. आणि १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच नावाच्या कंपनीच्या गोदामाला आग लागून एक अख्खी इमारत खाक झाली. ढगातून पाऊस पडतो हे शाळेत शिकलो होतो. ढगाला आग लागते, हे धड्यात नव्हतं.

आमच्या पागडीच्या चाळीतला भाडेकरू निदान तीन पिढ्या हलत नाही. ढगातल्या भाडेकरूला तेवढंही संरक्षण नाही. तिथे भाडे नियंत्रण कायदा लागत नाही आणि मालकाच्या दारात जाऊन ओरडावं, तर दार कुठल्या खंडात आहे हेच ठाऊक नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. घरच्या चीजवस्तूंची एक प्रत घरात हवी. धान्याची कणगी घरात होती, लोणच्याच्या बरण्या घरात होत्या. मग पोराच्या पहिल्या पावलाचा फोटोच तेवढा परक्याच्या कोठारात का?

पूर्वी याला उत्तर असे, ‘‘अहो, त्याला सर्व्हर लागतो.’’ सर्व्हर म्हटलं की डोळ्यांपुढे गोदरेजच्या कपाटाएवढं धूड आणि फेस आणणारं विजेचं बिल उभं राहायचं. आता तसं नाही. केंब्रिजच्या इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं, मुलांना खेळता-मोडता येईल असा स्वस्त कॉम्प्युटर हवा. त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर, आकार रमीच्या पत्त्याएवढा. वाढदिवस चार वर्षांनी एकदा, त्यामुळे तोही खर्च कमी. आमच्या घरात लक्ष्मीची पावलं रांगोळीतच उमटतात, पण हा ‘पाय’ खरा लागला आणि पायगुण चांगला निघाला.

त्यावर लिनक्स चालते. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं छंद म्हणून सुरू केलेलं हे काम आज हजारो माणसं मिळून पुढे नेतात. गावच्या विहिरीसारखी ती सर्वांची आहे. कुणीही पाणी भरावं, जमेल त्यानं गाळ काढावा. गंमत म्हणजे त्या परक्या गोदामांतल्या बहुतेक यंत्रांवरही हीच लिनक्स चालते. पीठ तेच, गिरणीवाला तेवढा वेगळा!

आणि वीज? हा पाय रिकामा बसला की तीन-चार वॅट खातो, कामाला लागला की सहा-सात. सरासरी पाच धरा. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार केलात तर जेमतेम ४४ युनिटं. युनिटला दहा रुपये लावले तरी वर्षाला ४४० रुपये, दिवसाला सव्वा रुपया. साठ वॅटचा जुना टेबलावरचा कॉम्प्युटर असाच रात्रंदिवस चालवलात, तर सव्वापाच हजार जातील. आमच्या पिढीच्या देवघरातला तो लाल ‘झिरो’चा दिवा आठवा. नावाला शून्य, पण खायला पंधरा वॅटच्या आसपास. काही हुद्देदार असतात तसा. म्हणजे एका झिरोच्या दिव्यात असे तीन सर्व्हर पोसले जातील.

पायच हवा असाही हट्ट नाही. ऑफिसांतून निवृत्त झालेले छोटे कॉम्प्युटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. निवृत्त आहेत म्हणून हिणवू नका. त्यांना काम दिलं की ते तक्रार न करता करतात, हे कुठल्याही घरातल्या निवृत्त माणसाला विचारा.

आमच्याकडे त्या डबीत नेक्स्टक्लाऊड घरची कागदपत्रं सांभाळतो, जेलीफिन गाणी लावतो आणि इमिच फोटो ठेवतो. चेहरे ओळखायला इमिच रात्रभर बसतो, पण आमच्या आत्याही तेवढाच वेळ घेतात. पाय-होल नावाचा द्वारपाल तर मला फार प्रिय आहे. घरातलं कुठलंही यंत्र जाहिरातवाल्याचा पत्ता विचारायला आलं, की तो सांगतो, ‘‘इथे कुणी राहत नाही.’’

‘‘पण मामा, हे सगळं करत कोण बसणार?’’ असं आमचा भाचा विचारतो. हा गृहस्थ रविवारी चार तास रांगेत उभा राहून नवा फोन आणतो. प्रश्न मात्र रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. पथ्यं आहेत. नखाएवढ्या मेमरी कार्डावर जन्माची पुंजी ठेवू नये. सारखं लिहून-पुसून ते झिजतं. चांगली एसएसडी डिस्क लावावी. लाइट अचानक गेली की डिस्कवरचं लिखाण अर्धवट राहून बिघडू शकतं, म्हणून छोटा यूपीएस हवा. बाहेरगावाहून घरात यायचं असेल तर भिंतीला भोक पाडू नये. वायरगार्डसारखा कुलूपबंद भुयारी मार्ग वापरावा. तो २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. आणि ईमेल घरी चालवण्याच्या फंदात पडू नये. घरगुती पत्त्यावरून आलेलं टपाल मोठ्या कंपन्या दारातूनच परत लावतात.

सर्वांत मोठं पथ्य म्हणजे दुसरी प्रत दुसऱ्या गावी. घरालाही आग लागते, पाणीही शिरतं. आमची एक डिस्क नाशिकला बहिणीकडे असते; दिवाळीला ती येते आणि भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर ताजी होऊन परत जाते. तिसरी प्रत हवी तर त्या ढगातही ठेवा, माझी ना नाही. मात्र कुलूप आपण लावायचं आणि किल्ली आपल्या कनवटीला.

एका प्रश्नानं मात्र मला खरोखर विचार करायला लावलं. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर चष्मा पुसत म्हणाले, ‘‘सगळं ठीक. पण तुमच्यानंतर काय?’’

प्रश्न बँकेतल्या माणसालाच सुचावा असा होता. मी त्यांना वही दाखवली. दोनशे पानी, विम्याच्या कागदांशेजारी ठेवलेली. तीत यंत्राचे पासवर्ड आहेत आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: ‘काहीच जमलं नाही तर यंत्र विसरा. कपाटातली निळी डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावा. फोटो वर्षवार फोल्डरमध्ये आहेत.’ दर महिन्याला मी ती निळी डिस्क भरतो आणि वर्षातून एकदा सौ.कडून तालीम करून घेतो. गेल्या खेपेला तिनं सात मिनिटांत १९९४ सालचं आमचं लग्न काढून दाखवलं. ‘‘केवढे केस होते हो तुम्हाला!’’ म्हणाली. तालीम उत्तीर्ण.

आता हाच प्रश्न ढगवाल्यांना विचारा. गुगलनं २०२३ साली नियमच केला की, दोन वर्षं कुणी खातं उघडलं नाही तर ते आतल्या फोटोंसकट पुसून टाकता येईल. म्हणजे माणूस ढगात गेला की दोन वर्षांनी त्याचे फोटो ढगातूनही जाऊ शकतात. त्यापुढे ते कुठे जातात, याचा उल्लेख गरुडपुराणातही नाही.

आमची डबी पुस्तकांच्या कपाटावर बसून हिरवा दिवा लुकलुकवत असते. पहिली दोन वर्षं सौ. पाहुण्यांना सांगायची, ‘‘ते ह्यांचं खूळ आहे.’’ परवा कुणीतरी विचारलं तर म्हणाली, ‘‘हात लावू नका हं, त्यात आमचं सगळं घर आहे.’’

तुमचं कुठे आहे?