भांडवलदारांपुढें पांच मिनिटें

रबाळ्याहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचा मुलगा आणि थोरल्या जाऊबाईंचा मुलगा, अशा दोघां चुलतभावांनीं तेथील औद्योगिक वसाहतींत भाड्याचा गाळा घेऊन, लसींच्या पेटींतील उष्णमान बिघडलें कीं फोनवर इशारा देणारें एक लहानसें यंत्र तयार केलें आहे. पुढील महिन्यांत त्यांना कांहीं गुंतवणूकदारांपुढें पांच मिनिटें बोलावयाचें आहे. मुलांनीं काय बोलावें, हा पत्रांतला पहिला प्रश्न. दुसरा अगदीं शेवटीं, जणूं सहज म्हणून विचारला आहे: सासऱ्यांनीं बांधलेलें घर तारण ठेवून पैसे उभे करावे असें घरांतील कांहीं वडील मंडळींचें मत आहे, तर तें करावें कीं परक्याला भागीदार करून घ्यावें?

इंग्रजींत ज्याला 'पिच' म्हणतात त्याचें नांव नवें, पण प्रकार जुना आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसाफंडासाठीं गांवोगांव हिंडून जीं भाषणें केलीं तीं याच जातीचीं. मागणी एका पैशाची, हेतु देशी धंद्यांचा. आणि त्यांतूनच 1908 सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. फरक एवढाच कीं, पैसा देणाऱ्यास तेथें मालकी मिळत नसे. आजचा गुंतवणूकदार देणगी देत नाहीं, तो धंद्यांतला वांटा विकत घेतो. त्याला तरुणांच्या ध्येयवादाचें कौतुक वाटत असेलही. परंतु त्याच्या मनांत प्रश्न असतो तो हा कीं, आज दिलेल्या रुपयाचे सहा-सात वर्षांनीं किती होतील?

म्हणून पहिलें वाक्य यंत्राविषयीं नसावें. आमच्या मुलांची खोड अशी कीं, आधीं स्वतःची पदवी, मग यंत्रांतील तारा आणि मग, वेळ उरलाच तर, तें कोणाच्या उपयोगाचें हें सांगावयाचें. येथें उलट हवें. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्यें ठेवाव्या लागतात, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु धनुर्वात किंवा हेपॅटायटिस-बी यांसारख्या लसी उष्णतेपेक्षां गोठल्यानेंच लवकर निकामी होतात, आणि गोठून पुन्हां वितळलेली कुपी नुसत्या डोळ्यांनीं ओळखणें अवघड, हें फार थोड्यांना माहीत आहे. एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यांत शनिवारीं रात्रीं शीतपेटीचें उष्णमान शून्याखालीं गेलें आणि सोमवारीं तीच लस तान्ह्या मुलाला टोंचली गेली, तर आईला कांहींच कळणार नाहीं, डॉक्टरांनाही नाहीं. एवढें दोन वाक्यांत सांगितलें कीं श्रोते जागे होतात. त्यानंतर यंत्र टेबलावर ठेवावें.

"आम्हांला प्रतिस्पर्धी कोणी नाहीं," हें वाक्य मात्र मुलांनीं कृपा करून उच्चारूं नये. सरकारी लसीकरणांत 'ई-विन' नांवाची व्यवस्था 2015 पासून आहे, आणि ती लसींच्या साठ्याबरोबर उष्णमानावरही नजर ठेवते. समोर बसलेल्यांपैकीं एकाला तरी हें ठाऊक असणारच. तेव्हां आपणच आधीं सांगावें कीं, तें काम सरकारी शीतसाखळीसाठीं आहे, आमचें यंत्र खासगी दवाखान्यांसाठीं आहे, आणि अमुक इतक्या डॉक्टरांनीं तें पैसे देऊन घेतलें आहे. हा शेवटला आंकडा सर्वांत मोलाचा. तो सात असला तरी सातच सांगावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकला जावयास सुमारें दोन वर्षें लागलीं, कारण लोखंडानें जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हां सुरुवातीचीं गिऱ्हाइकें थोडीं असण्यांत लाज नाहीं. तीं पुन्हां घेतात कीं नाहीं, हें महत्त्वाचें.

आतां पैशाचा भाग. आमच्या घरांतून रुपयांचा आंकडा मोठ्यानें उच्चारणें जरा असभ्यच समजतात, आणि त्यामुळें हुशार मुलेंही येथें चांचरतात. हिशेब मात्र तिसरींतल्या मुलाला यावा इतका सोपा आहे. शेंकडा 10 वांट्यासाठीं 50 लाख मागितले, म्हणजे ती रक्कम आल्यानंतर सबंध धंद्याची किंमत 5 कोटी, आणि ती येण्यापूर्वींची साडेचार कोटी आहे असें आपण म्हणालों. आपण असें म्हणालों आहों, हेंच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

मालेगांवकडील 'जुगाडू कमलेश' या नांवानें ओळखला जाणारा तरुण 2022 च्या जानेवारींत दूरदर्शनसंचावर 'शार्क टँक इंडिया' या कार्यक्रमांत आला होता, तें अनेकांनीं पाहिलें असेल. शेतकऱ्याला औषधाची टाकी पाठीवर वाहावी लागूं नये म्हणून त्यानें फवारणीची गाडी बनविली होती. त्यानें शेंकडा 10 वांट्यास 30 लाख मागितले, म्हणजे किंमत 3 कोटी धरली. शेवटीं पियूष बन्सल यांनीं शेंकडा 40 वांट्याबद्दल 10 लाख आणि वर 20 लाख बिनव्याजी कर्ज देऊं केलें. म्हणजे वांट्याच्या हिशेबानें किंमत 25 लाख झाली. त्याच्या साध्या बोलण्यानें लोकांचे डोळे पाणावले. मात्र किंमत ठरली ती हिशेबानें. त्यानें तें स्वीकारलें यांत गैर कांहीं नाहीं, त्याला पैशाइतकीच पाठीराख्याची गरज होती. परंतु कोणत्या आंकड्याखालीं उतरावयाचें नाहीं, हें घरून ठरवून जावें. पांच माणसें समोर हंसत असतां तें ठरत नाहीं.

गाय कावासाकी या अमेरिकन लेखकाचा 10-20-30 हा नियम प्रसिद्ध आहे: चित्रपृष्ठें 10, वेळ 20 मिनिटें, अक्षरांचा आकार 30. आपल्या मुलांना वेळ त्याच्या चौथाईच आहे, तेव्हां पृष्ठें पांच-सहा पुरेत. अक्षर मात्र मोठेंच ठेवावें. भांडवलदार बहुधा चाळिशी ओलांडलेले असतात!

घराविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. तें तारण ठेवूं नये. नवा धंदा बुडण्याचा संभव तरण्याहून अधिक असतो, आणि गुंतवणूकदार तें जाणूनच, दहा ठिकाणीं थोडें थोडें घालून, पैसा लावतो. धंदा बुडाला तर त्याचा एक दशांश जातो. आपलें छप्पर जाईल, आणि त्याखालीं ज्यांचा या यंत्राशीं संबंध नाहीं अशा दोन सासवा व शिकणारीं मुलेंही राहतात. कर्जच हवें असेल तर लहान उद्योगांना तारणावांचून बँकेचें कर्ज मिळावें म्हणून 2000 सालापासून हमीनिधि आहे, त्याची बँकेंत चौकशी करावी. शिवाय राज्य सरकारच्या स्टार्टअप सप्ताहांत निवडलेल्या नवोद्योगांना पूर्वींच्या फेऱ्यांत 15 लाखांपर्यंतचीं कामें मिळालीं आहेत, आणि त्यांत वांटा द्यावा लागत नाहीं.

परका भागीदार आला म्हणजे घरांतल्यांना कांहीं गोष्टी सोसाव्या लागतील, त्यांची कल्पना मात्र आधीं द्यावी. त्याचे भाग बहुधा अग्रहक्काचे असतात; धंदा विकला गेला तर त्याचे पैसे आधीं, मग मुलांचे. काकांना पगारी हिशेबनीस म्हणून ठेवण्यासही तो हरकत घेऊं शकेल. आणि दोघां भावांत वांटा कसा, एकजण सोडून गेला तर त्याच्या भागाचें काय, हें आजच कागदावर आणावें. दोन जावांच्या गोडीवर तें सोंपवूं नये. हा प्रश्न गुंतवणूकदार विचारतोच, आणि त्या वेळीं दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले तर पुढचें सारें बोलणें व्यर्थ जातें.

तालमीला घरांतील सर्वांत वडील बाईंना बसवावें आणि घड्याळ त्यांच्या हातीं द्यावें. यंत्र काय करतें हें त्यांनीं नंतर आपल्या शब्दांत सांगितलें तर ठीक; नाहीं तर पहिलीं दोन वाक्यें पुन्हां लिहावीं. भाषण साडेचार मिनिटांत बसवावें, कारण बर्फाच्या पेटींत ठेवलेल्या यंत्राचा इशारा फोनवर यावयास थोडा वेळ लागेल, आणि तेवढा वेळ मुलांना गप्प उभें राहतां आलें पाहिजे.