बाण कुठून बाहेर पडणार?

हरणावर बाण सोडताना नेम कुठे धरावा, याचं एक तयार उत्तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या मध्यावर. हे उत्तर अर्धंच आहे. हरीण अगदी आडवं उभं असेल, शिकारी जमिनीवर असेल आणि अंतर थोडं असेल, तर तेवढ्यापुरतं ते खरं ठरतं. पण विस्कॉन्सिन-मिशिगनच्या रानांत कित्येकजण झाडावर पाच-सहा मीटर उंचीवर मचाण बांधून बसतात, आणि हरीण काही शिकाऱ्याच्या सोयीने आडवं येऊन थांबत नाही. अशा वेळी कातडीवरचा ठिपका तोच राहतो आणि त्याच्या आतलं सगळं बदलतं. माझं म्हणणं असं की बाण पलीकडून कुठे बाहेर पडेल ते आधी ठरवावं, तिथून मागे येत अलीकडची जागा शोधावी, आणि या दोन टोकांच्या मध्ये दोन्ही फुप्फुसं येत नसतील तर ओढलेली दोरी उतरवून ठेवावी.

भारतात हा प्रश्न उरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ-सांबराची शिकार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. मी लिहितो आहे ते अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल. त्याची शिकार तिथे परवान्याने, ठरलेल्या मोसमात होते, आणि मचाणावर बसणाऱ्यांत माझ्यासारखी मराठी माणसंही आहेत. जो मारायला निघाला आहे त्याने जनावराला तळमळत ठेवू नये, एवढ्या एका कर्तव्यावर पुढचं सगळं उभं आहे.

बाण मारतो तो रक्तस्रावाने. रायफलची गोळी प्रचंड वेगाने शिरते, आजूबाजूचं मांस फाडते, हाडांचे तुकडे करते. बाणाजवळ तो जोर नसतो. त्याच्या टोकाची धारदार पाती रक्तवाहिन्या कापत जातात, आणि मेंदूला पुरणारं रक्त संपलं की हरीण कोसळतं. दोन्ही फुप्फुसं चिरली गेली तर हे काही सेकंदांत होतं. हरीण बहुधा शंभर मीटरच्या आतच पडतं. यकृताला लागलं तर तेच काही तासांवर जातं. पोटात, आतड्यात लागलं तर हरीण अर्धा दिवस झुडपात पडून राहतं. जनावर तेच, धनुष्यही तेच; फरक असतो वीतभर जागेचा.

हे मानलं तर पहिला पूर्वपक्ष आपोआप पडतो. तो म्हणतो, उंच खांद्यावर मार, हरीण जागच्या जागी बसेल. ही शिकवण बंदुकीकडून आली आहे. गोळी फऱ्याचं हाड फोडून पलीकडे जाते. बाण त्या हाडाच्या उभ्या कण्यावर किंवा बाहूच्या जाड हाडावर आपटला की बऱ्याचदा तिथेच अडकतो आणि हरीण पातं अंगात घेऊन निघून जातं. यातला एक सुधारलेला पंथ सांगतो की फऱ्याचं हाड वरून खाली-पुढे उतरतं, बाहूचं हाड तिथून मागे कोपराकडे येतं, आणि दोन्हींच्या मधल्या त्रिकोणी फटीत फुप्फुसंच असतात. जड बाण घ्या आणि तिथे मारा. शरीररचनेपुरतं त्यांचं बरोबर आहे. फुप्फुसं पायाच्या पुढेही पोचलेली असतात, हे बऱ्याच जुन्या शिकाऱ्यांना ठाऊक नसतं. पण ज्या जागेच्या दोन्ही कडांना हाड आहे, तिथे दोन बोटांची चूक हरणाच्या जिवावर येते. फुप्फुसांच्या मागच्या भागात तेवढीच चूक खपून जाते. हात थंडीने आखडलेले, छाती धडधडणारी, अशा माणसाने चूक होणारच हे धरून जागा निवडावी.

दुसरा समज अधिक चिवट आहे. फुप्फुसांच्या वर आणि पाठकण्याच्या खाली एक रिकामी पोकळी असते, बाण तिथून गेला तर हरणाला काही होत नाही, असं अनुभवी माणसं शपथेवर सांगतात. त्यांनी पाहिलेलं खरं असतं. बाण वरच्या अंगाला लागला, आरपार गेला, आणि तेच हरीण पुढे आठवड्यांनी धडधाकट दिसलं. पण अर्थ चुकीचा लावला जातो. छातीच्या पोकळीत फुप्फुसं थेट मणक्यांच्या खालच्या अंगाला भिडलेली असतात. मध्ये रिकामी जागा नाही. फसवतो तो पाठकणा. पाठीच्या वरच्या रेषेलगत तो असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात खांद्यापाशी मणके बरेच खाली असतात आणि त्यांच्यावर लांब उभे काटे व मांसाचा जाड थर असतो. बाण गेला तो कण्याच्या वरून, मांसातून. ज्याला हवं त्याने शिकार सोलताना बरगड्या उघडून पाहाव्यात. पाच मिनिटांत वाद मिटतो. या समजाने होणारं नुकसान मोठं आहे. नेम उंच गेला, हे शिकाऱ्याला कळतच नाही. दोष पोकळीचा ठरतो आणि पुढच्या हरणावरही तो तेवढ्याच उंचीवर बाण सोडतो.

तिसरा पक्ष हृदयाचा. हृदयाचा वेध म्हणजे कौशल्याची परिसीमा, असं बोललं जातं. हृदय असतं छातीच्या तळाशी, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, उरोस्थीला टेकून. पाय सरळ असला तर कोपर त्याच्यावर येतं. नेम जरा खाली गेला की फक्त छातीखालचं मांस चिरतं किंवा पाय मोडतो. आणि बक्षीस काय? हृदयात लागलेलं हरीण दोन्ही फुप्फुसांत लागलेल्या हरणापेक्षा फारसं लवकर पडत नाही. फुप्फुसांची जागा हृदयाच्या कित्येक पट मोठी आहे. मग लहान लक्ष्याचा हट्ट हरणासाठी असतो की स्वतःच्या बढाईसाठी?

आता धनुष्याच्या आवाजाचा मुद्दा, कारण इथे चांगली माणसंही घसरतात. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, आणि आजच्या कंपाउंड धनुष्याचा बाण साधारण 85 मीटर. 30 यार्डांवर, म्हणजे 27 मीटरवर, आवाज 0.08 सेकंदात पोचतो आणि बाण 0.32 सेकंदात. मधल्या पाव सेकंदात दचकलेलं हरीण पळण्यासाठी पाय दुमडतं आणि त्याचं धड खाली येतं. दचकण्यात गेलेला वेळ वजा करूनही काही बोटांचा फरक पडतो, आणि 40 यार्डांवर तो फुप्फुसांच्या वर निघून जाण्याइतका होऊ शकतो. म्हणून काहीजण सांगतात, छातीच्या खालच्या कडेवर किंवा कडेच्याही खाली धर. हरीण बसेल आणि बाण बरोबर लागेल. मी याच्या ठाम विरोधात आहे. चरत असलेलं, बेसावध हरीण कित्येकदा हलतच नाही. ते हललं नाही तर जखमी होईल अशा जागी बाण सोडणं म्हणजे त्याच्या घाबरण्यावर पैज लावणं. छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वरच्या कडेला नेम धरावा. हरीण स्थिर राहिलं तर फुप्फुसांचा खालचा भाग चिरतो, दचकून खाली आलं तरी बाण फुप्फुसांतच लागतो. याहून जास्त बसेल अशी भीती असेल तर अंतर जास्त आहे असं समजावं. अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचं पुनरुज्जीवन करणाऱ्यांत सॅक्स्टन पोप हे शल्यविशारद होते. त्यांना ही विद्या ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीतल्या इशीने शिकवली. सावजाच्या जवळ जाणं, त्याला हाक देऊन जवळ आणणं, हा इशीच्या शिकारीचा गाभा होता.

तेव्हा मांडणी अशी. हरीण तिरकं, तोंड आपल्यापासून दूर करून उभं असेल तर पलीकडचा पुढचा पाय पाहावा. बाण त्या पायाच्या मागच्या कडेला निघाला पाहिजे. त्यासाठी अलीकडे तो शेवटच्या बरगड्यांतून शिरला तरी चालतो, आणि कातडीवरच्या ठिपक्याला चिकटून राहणारा माणूस नेमका इथे चुकतो. हरीण तिरकं पण आपल्याकडे तोंड करून असेल तर अलीकडे खांद्याचं हाड आणि पलीकडे पोट येतं, थांबावं. समोरून बाण सोडू नये. अमेरिकेच्या पश्चिमेतल्या प्रचंड एल्क हरणावर हा वेध घेणारे आहेत, पण त्यांचा दाखला या लहान हरणाला लागू होत नाही. मचाणाच्या अगदी खाली आलेलं हरीण सर्वांत मोहात पाडतं आणि तिथेच बाण एकच फुप्फुस चिरून खाली निघतो. एका फुप्फुसावर हरीण मैलभर जाऊ शकतं. त्याला दहा पावलं पुढे जाऊ द्यावं.

आक्षेप येतो: इतका विचार करत बसलो तर मोसम कोरडा जाईल. जाऊ द्या. मेरीलँडमधल्या इंडियन हेड इथल्या नौदलाच्या तळावर 1989 ते 2006 या काळात ठेवलेल्या नोंदींत, बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे 18 टक्के शिकाऱ्यांच्या हाती आली नाहीत. त्यातली काही जगलीही असतील. पण हा आकडा शून्याकडे नेण्याचा जो मार्ग आपल्या हातात आहे, तो दोरी सोडण्याआधीच्या क्षणात आहे.

सुरुवात सरावापासून करावी. फोमच्या हरणांवर गुणांची वर्तुळं छापलेली असतात. ती आडव्या हरणासाठी काढलेली असतात, पण हरीण तिरकं ठेवलं तरी गुण त्याच वर्तुळाला मिळतात. मी ज्यांच्यासोबत सराव करतो त्यांना माझी विनंती आहे की वर्तुळं पुसून टाकावीत, बाणाची रेषा पलीकडे कुठे निघते ते पाहून गुण द्यावेत, आणि दर फेरीत एखादं हरीण तोंड समोर करून ठेवावं. त्याच्यावर बाण न सोडणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत.