मॉड एपीके म्हणजे मॉड नव्हे! चाहत्यांनी बनवलेलं एक्स्पान्शन पडद्यामागे कसं घडतं?

परवा सिडकोतल्या आमच्या गल्लीतला नववीचा एक मुलगा फोन नाचवत आला. "दादा, हे बघ, गेमचं मॉड टाकलंय. सगळ्या गन अनलॉक, कॉइन अनलिमिटेड!" दोन दिवसांनी तोच तोंड पाडून परत आला. अकाउंट कायमचं बंद. दोन वर्षांची मेहनत गेली ती गेलीच, वर त्या ॲपने फोनमधले एसएमएस वाचायची परवानगी घेऊन ठेवली होती.

मी म्हटलं, "अरे, हे मॉड नाहीच." त्याचा प्रश्न सरळ होता: "मग मॉड म्हणजे काय?" उत्तर लांबत गेलं, म्हणून ते इथे लिहितोय.

आधी फरक समजून घ्या

मॉड एपीके म्हणजे कुणीतरी मूळ ॲप उघडून, पैसे भरायची अट काढून पुन्हा बांधलेली फाइल. ती कुणी बांधली, आत आणखी काय भरलं, हे तुम्हाला कळत नाही.

खरं मॉड वेगळं असतं. गेम मूळ कंपनीचाच असतो, तुम्ही तो रीतसर घेतलेला असतो आणि चाहते त्यावर आपलं काम चढवतात. छोटं मॉड म्हणजे रस्त्यावरच्या गाडीच्या जागी रिक्षा आणणं. मोठं मॉड म्हणजे नवे नकाशे, नवी पात्रं, नवे आवाज, नवी गोष्ट. कंपनीने विकावं असं अख्खं एक्स्पान्शन, पण हौसेने बनवलेलं.

हे दूरचं वाटतंय? मग हे ऐका. आर्मा २ या गेमवर डेझेड नावाचं मॉड बनलं. त्यावर २०१३ मध्ये ब्रेंडन ग्रीनने बॅटल रॉयल हे मॉड रचलं. त्याच ग्रीनने पुढे पबजी घडवला, तो २०१७ मध्ये आला. आणि २ जुलै २०२१ ला भारतात आलेला बीजीएमआय त्याच घराण्यातला. म्हणजे तुम्ही रोज रात्री जे खेळता, त्याचं मूळ एका चाहत्याच्या मॉडमध्ये आहे.

बंद पडलेल्या दुकानाला चाहत्यांनी लावलेलं शटर

माझी सुरुवात एज ऑफ एम्पायर्स २ ने झाली. औरंगपुऱ्यातल्या एका नेट कॅफेत तासाला पैसे मोजून आम्ही तो खेळायचो. गेम १९९९ चा, त्याचं एक्स्पान्शन द कॉन्करर्स २००० चं. बनवणारी एन्सेंबल स्टुडिओज २००९ मध्ये बंद झाली. आता नवीन काही येणार नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

पण चाहत्यांची एक टीम गप्प बसली नाही. बेल्जियमच्या बर्ट बीकमनच्या पुढाकाराने त्यांनी फरगॉटन एम्पायर्स नावाचं मॉड डिसेंबर २०१२ मध्ये फुकट दिलं. त्यात पाच नव्या संस्कृती होत्या, आणि त्यातली एक भारतीय! २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने या गेमची एचडी आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेच मॉड द फरगॉटन या नावाने अधिकृत एक्स्पान्शन झालं. हौशी टीमचा स्टुडिओ झाला. पुढची एक्स्पान्शन आणि २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन याच स्टुडिओच्या हातून घडली.

एक सैनिक = जवळपास २५० चित्रं

बाहेरून दिसतो फक्त ट्रेलर. आत काय चालतं ते या जुन्या गेमच्या उदाहरणाने बघू. यातला सैनिक आठ दिशांना वळतो. पाच कोनांतून चित्रं लागतात, उरलेल्या तीन दिशा आरशासारख्या उलटवून मिळतात. उभं राहणं, चालणं, मारणं, पडणं आणि पडल्यावरचं शरीर, अशा पाच हालचाली. प्रत्येकीला साधारण दहा फ्रेम धरा. पाच गुणिले पाच गुणिले दहा, झाली अडीचशे चित्रं. हा झाला एकच सैनिक. त्याची ताकद, किंमत, आवाज, कोणाविरुद्ध तो जिंकेल आणि कोणाविरुद्ध हरेल, हे सगळं वेगळं.

शिवाय मूळ कंपनीने तुमच्या हातात आतलं काही दिलेलं नसतं. म्हणून गेमच्या डेटा फाइल उघडायचं ॲडव्हान्स्ड जिनी एडिटर हे साधनसुद्धा चाहत्यांनीच बनवलं. आधी पाना बनवायचा, मग गाडी खोलायची, असा मामला.

माझं देवगिरी अडकलं कुठे?

हे मी अनुभवाने सांगतोय. गेल्या पावसाळ्यात मी याच गेमच्या सिनॅरिओ एडिटरमध्ये देवगिरी बांधायला घेतला. अल्लाउद्दीन खिलजीची १२९६ ची स्वारी दाखवायची होती. एका रविवारी दौलताबादला जाऊन वहीत किल्ल्याचा कच्चा नकाशा काढला. वाटलं, चार दिवसांचं काम आहे.

पहिला अडथळा खंदकाचा. पाणी टाकलं, एकच पूल ठेवला, तर संगणकाचं सैन्य काठावर जे उभं राहिलं ते हललंच नाही. दुसरा अडथळा अंधारीचा. किल्ल्यातला तो काळोखा भुयारी मार्ग गेममध्ये करणार कसा? इथे जमिनीखाली काही नसतंच. शेवटी ट्रिगर लावला: सैनिक या चौकटीत आला की इथून गायब आणि वरच्या चौकटीत हजर. चार मिनिटांच्या त्या प्रसंगाला तीन आठवडे गेले. मग कळलं की एक्स्पान्शनला वर्षं का लागतात, आणि बहुतेक मॉड अर्धवट का राहतात.

आणखी एक गोष्ट दिसली. फरगॉटनने अख्खा भारत एकाच संस्कृतीत बसवला होता. २८ एप्रिल २०२२ ला आलेल्या डायनॅस्टीज ऑफ इंडियाने त्याचे चार भाग केले: हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड, बंगाली. तरी देवगिरीच्या यादवांची वेगळी संस्कृती त्यातही नाही. बनवणारे जिथले असतात, तिथल्या गोष्टी आधी सांगितल्या जातात. आपली गोष्ट हवी असेल तर बनवणाऱ्यांत आपली पोरं हवीत.

भाड्याच्या जागेवरचं घर

मॉडची मोठी अडचण म्हणजे जमीन दुसऱ्याची. फॉलआउट ४ वर चाहत्यांनी फॉलआउट: लंडन उभारलं. अख्खं नवं शहर, आणि आवाज देणाऱ्यांत ब्रिटिश संसदेचे माजी सभापती जॉन बर्कोसुद्धा! तारीख ठरली २३ एप्रिल २०२४. तेवढ्यात मूळ कंपनी बेथेस्डाने २५ एप्रिलला फॉलआउट ४ चं मोठं अपडेट जाहीर केलं. अपडेट आलं की मॉड मोडणार, म्हणून प्रकाशन थांबवावं लागलं. शेवटी ते २५ जुलैला बाहेर आलं. कंपनीने नियम मोडला असं नाही, घर तिचंच होतं.

कायद्याचंही तसंच. परवानगीशिवाय मॉड सहसा विकता येत नाही. मग माणसाला मिळतं काय? कौशल्य, आणि दाखवायला पूर्ण केलेलं काम. याच लंडन टीमच्या मुख्य लेखिकेला २०२१ मध्ये खुद्द बेथेस्डानेच नोकरी दिली.

मग आपल्या शहराचं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. चांगलंच आहे. पण माझ्या मते खरी मेख पहिल्या पायरीवर आहे. आमच्या पिढीला नेट कॅफेत निदान संगणक मिळायचा, फोल्डर उघडून फाइल बदलून बघता यायची. आज तुमच्या हातात त्यापेक्षा ताकदीचा फोन आहे, पण त्यातले गेम कुलूपबंद. खेळता येतं, आत डोकावता येत नाही. म्हणून तर 'मॉड' म्हटलं की मुलांना फक्त फुकटची कॉइन आठवतात. शाळा-कॉलेजातली संगणक लॅब संध्याकाळी दोन तास अशा कामासाठी उघडी राहिली, तर त्या कोट्यवधींच्या धोरणाला पोरं मिळतील.

तोवर एक वाट आहे. लुआंटी नावाचा गेम बघा. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अँड्रॉइडवर चालतो आणि मुळात मॉडसाठीच बनवलाय. इतरांची मॉड ॲपमधूनच मिळतात. ती लुआ या सोप्या भाषेत लिहिलेली असतात, उघडून वाचता येतात. स्वतः लिहायला मात्र संगणक सोयीचा.

गल्लीतल्या त्या मुलाला मी तोच टाकून दिलाय. काल म्हणाला, "दादा, मी दगडाचा रंग बदलला." कॉइन एकही मिळालं नाही, तरी तोंडभर हसत होता. आता रविवारी त्याला दौलताबादला नेणार आहे. खंदकाचा प्रश्न अजून सुटलेला नाही.