धुऊ नका, पुसा!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला दोन कामं हमखास येतात. माळा साफ करणं आणि गाडी धुणं. त्यात इंजिनिअरिंगला असलेला मुलगा किंवा मुलगी म्हटल्यावर अपेक्षा जरा जास्तच! 'तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात ना, मग बॉनेट उघडून साफ कर की जरा,' असं काका सहज म्हणून जातात. मग आपण काय करतो? पाइप जोडतो, नळ पूर्ण सोडतो आणि धो धो धुतो. किंवा गाडी सरळ वॉशिंग सेंटरवर नेऊन उभी करतो आणि मोबाईल बघत बसतो.

माझं मत या दोन्हीच्या विरोधात आहे. बॉनेटखालची जागा धुण्याची नाही, पुसण्याची आहे. आणि ते काम शक्यतो स्वतःच्या हातांनी करावं. कारण ही सफाई चकाकीसाठी करायचीच नसते, ती तपासणीसाठी करायची असते. चकाकी हा वरचा नफा.

उदाहरण म्हणून इंटरकूलर घेऊ. मेकॅनिकलवाल्यांना तो काय असतो हे सांगायला नको, पण सिव्हिल, कॉम्प आणि ईएनटीसीच्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगतो. टर्बोचार्जर इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आता हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तेच हे. ३० अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १२५ अंशांवर जाते. गरम हवा विरळ, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी. म्हणून वाटेत इंटरकूलर बसवतात. त्याने ती हवा ५५ अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला तेवढ्याच जागेत साधारण २१ टक्के जास्त हवा मावते. हीट ट्रान्सफरच्या पेपरात आपण जो इफेक्टिव्हनेस काढतो, तो इथे ०.७४ येतो.

बहुतेक गाड्यांत हा इंटरकूलर पुढच्या जाळीमागे, बंपरच्या आड असतो. काहींत तो इंजिनच्या डोक्यावर असतो. पहिल्या पिढीच्या डिझेल फॉर्च्युनरच्या बॉनेटवर जे 'नाक' दिसतं, ते शोभेचं नाही. खालच्या इंटरकूलरला वारा मिळावा म्हणून ते आहे. पुढे असलेल्या इंटरकूलरच्या नाजूक अॅल्युमिनियमच्या फिन्समध्ये वर्षभरात काय काय अडकतं ते एकदा बघाच. चिखल, मेलेले किडे, सावरीच्या म्हाताऱ्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या.

आता कोणी म्हणेल, मग हे साफ केल्यावर गाडी पळेल का? इथे थोडं प्रामाणिक राहू या. समजा कचऱ्यामुळे इफेक्टिव्हनेस ०.७४ वरून ०.६० वर घसरला. मग हवा ५५ ऐवजी ६८ अंशांवर बाहेर पडेल आणि तिची घनता कमी होईल जेमतेम ४ टक्के. गावात गाडी चालवणाऱ्याला हे जाणवणारही नाही. 'इंटरकूलर साफ केला आणि गाडीत जीव आला' या गप्पा कॅन्टीनमध्ये ठीक आहेत. मग साफ करायचाच कशाला? तर बघायला! फिन्स मोकळ्या केल्यावर कुठे दगड लागून नळीला पोचा आलाय ते दिसतं. रबरी पाइपाच्या क्लॅम्पपाशी तेलाचा ओघळ दिसतो, म्हणजे तिथून दाबलेली हवा गळते आहे असा संशय घ्यायचा. इंटरकूलरच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एका रांगेत असतील, तर एकाच कचऱ्याने तिघांचा वारा अडतो हेही कळतं. घाणीखाली गळती लपते. पुसलेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी तेलाचा थेंब दिसला तर तो ताजा आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने घाण जाते आणि घाणीबरोबर पुरावाही जातो.

पाण्याला माझा विरोध का, तेही सांगतो. घरगुती प्रेशर वॉशरची धारसुद्धा १०० बारच्या घरात असते. 'अहो, पण गाडी पावसात चालतेच की, तेव्हा नाही का भिजत?' हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. पावसाचे शिंतोडे आणि वीतभर अंतरावरून मारलेली १०० बारची धार यांत फरक आहे. अनेक सेन्सर आणि कनेक्टर 'आयपी ६७' दर्जाचे असतात. म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून त्यांची चाचणी होते. जोरदार फवाऱ्याची चाचणी त्यात येतच नाही, तिचा दर्जा वेगळा. शिवाय इंजिन गरम असताना थंड पाणी मारलं, की बंद कनेक्टरमधली हवा आकुंचन पावते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ते पाणी त्या दिवशी काही करत नाही. दोन महिन्यांनी पिना हिरव्या पडतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तोपर्यंत धुतल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं.

हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर आणखी पंचाईत. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हलत नाही, आणि मधल्या मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. धुण्याचे वाचलेले शंभर-दोनशे रुपये आणि इंजिन उघडण्याचा खर्च, तुलना तुम्हीच करा.

आणि ते 'डिझेल वॉश'! डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारून इंजिन काळं कुळकुळीत चमकवायची आपल्याकडची जुनी पद्धत. दिसायला झकास, पण ते तेल रबरी पाइप आणि पट्टे फुगवतं, मऊ करतं, आणि त्यावर धूळ दुप्पट चिकटते. पेट्रोलने पुसणारे महाभागही आहेत. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे कुठल्याही ऋतूत त्याची वाफ पेटायला एक ठिणगी पुरे. बॅटरी तिथेच शेजारी बसलेली असते. यात सगळ्यात जास्त धोका कोणाला असतो माहितीये? त्या फवाऱ्याच्या धुक्यात अनवाणी, तोंडाला रुमालही न बांधता उभ्या असलेल्या पोराला. आपण काचेपलीकडे बसून चहा पितो. इंजिन चमकलं, पण कोणाच्या फुप्फुसाच्या जिवावर, हा प्रश्न आपल्या 'सेफ्टी' विषयाच्या जर्नलमध्ये कुठेच येत नाही.

तर मग करायचं कसं? गाडी सपाट जागी, सावलीत, हँडब्रेक ओढून उभी करा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, दोन-तीन तास तरी. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असू शकतं, झाकण निघताक्षणी ते उसळून तोंडावर येतं. इलेक्ट्रिक पंखा चावी काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे बॅटरीची तार काढेपर्यंत बोटं तिथून लांब. तार काढताना आधी ऋण बाजूची. धन बाजू आधी काढायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की थेट शॉर्ट! अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, ओढणी किंवा सैल बाह्या आवरून घ्या.

मग कोरडी सफाई. रंगाचा जुना ब्रश, टूथब्रश आणि असला तर व्हॅक्यूम क्लीनर. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या पन्हळीतला पाला आधी काढा. ती तुंबली की पावसाळ्यात पाणी केबिनमध्ये उतरतं. उंदराचं घरटं सापडलं तर हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा, कारण उंदराच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि आसपासच्या वायरी कुरतडल्यात का ते तेव्हाच बघून घ्या. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने झाकून ठेवा.

पाण्याची धार चालेल ती फक्त इंटरकूलरच्या बाहेरच्या अंगाला, तीही कुंडीतल्या रोपाला घालतो तेवढी हळू. जमलं तर इंजिनच्या बाजूकडून पुढे सोडा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जाईल. ब्रश फिन्सच्या दिशेनेच फिरवा, आडवा मारला की त्या दुमडतात. नाली साफ करायची पावडर किंवा अॅसिड अजिबात नको. कॉस्टिक सोड्यात अॅल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो, हे बारावीच्या केमिस्ट्रीत आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे.

इंटरकूलरचं आतलं अंग घरी धुवायच्या भानगडीत पडू नका. आत तेलाचा पातळ थर असणं सहसा काळजीचं नसतं, क्रँककेसमधून येणाऱ्या वाफांचं ते तेल. पण तळाशी तेल साठलेलं दिसलं तर धुणं हा उपायच नव्हे. टर्बोचं सील गेलंय किंवा ब्रीदर तुंबलाय का ते आधी शोधायला हवं, आणि ते काम जाणत्या मेकॅनिकचं. डिझेल इंजिनने ते साठलेलं तेल ओढलं तर चावी बंद करूनही ते थांबत नाही, स्वतःच्या अंगावर पळत सुटतं. तसंच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही, आणि पुढच्या बंपरमध्ये रडार असलेल्या गाडीचा बंपर घरी उतरवायचा नाही. आपली मर्यादा कुठे संपते हे ओळखणं हाही इंजिनिअरिंगचाच भाग आहे. कमीपणा कसला त्यात?

काही सर म्हणतील, हे मेकॅनिकचं काम, तुम्ही डिझाइन शिका. आदर राखून मला हे पटत नाही. आपण शॉपला जॉब फाइल करतो तो मार्कांसाठी. ओरलला इंटरकूलरची आकृती काढतो ती पाठ करून. ज्याने कधी त्या फिन्सवरून बोट फिरवलं नाही, तो उद्या अशी गाडी डिझाइन करणार की साधा क्लॅम्प बघायलाही अख्खा बंपर उतरवावा लागेल. मग तोच मेकॅनिक त्याच्या नावाने बोटं मोडणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या वर्कशॉपमध्ये इंजिनांचे कट सेक्शन रंगवून ठेवलेत, त्यांच्या शेजारी एक चालती गाडीही असावी. प्रत्येक बॅचने सत्रात एकदा तिचं बॉनेट उघडून हाताने पुसावं आणि काय दिसलं ते वहीत तारखेसह लिहावं. कुठे ओल, कुठे भेग, कुठला क्लॅम्प सैल. पुढच्या बॅचने ती वही वाचूनच सुरुवात करावी. खर्च म्हणाल तर चार फडकी, दोन ब्रश आणि अर्धी बादली पाणी. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या हॉस्टेलला एवढं नक्कीच परवडेल. फक्त ते तेलकट पाणी झाडांच्या अळ्यात किंवा गटारात ओतू नका, आणि फडकी वर्कशॉपच्या मामांना विचारून वेगळ्या डब्यात टाका.